बारीक शिट्टी

"ऐका," विल्निस म्हणाला आणि त्याने बोट वर केलं. "काही ऐकू येतंय? नाही ना? एक थेंबसुद्धा आवाज नाही. याला म्हणतात मशीन!" तो पडद्यावर हे म्हणत होता आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या हेडफोनमधून एक बारीक शिट्टी कानात सुई घातल्यासारखी आरपार चालली होती. मी पावाचा तुकडा हातात तसाच धरून बसले. खिडकीबाहेर सकाळचा करडा उजेड होता, खालच्या अंगणात कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं, ताकासारख्या आंबट केफिरचा पेला अर्धा राहिला होता, आणि माझा घटस्फोटित नवरा पडद्यावर बोट वर करून, डोळे मिटून, त्या शिट्टीकडे कान देऊन हसत होता. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. बोट, मिटलेले डोळे, समाधान, शिट्टी. अरे देवा, मला वाटलं, याला ऐकूच येत नाहीये.

शिट्टी नवी नव्हती. विजेवर वाजणाऱ्या वाद्य-मशीनांची पारख करणारे व्हिडिओ तो करतो, कितीतरी महिने ती त्यांत होती आणि मी प्रत्येक वेळी ती काढून टाकत होते. ते माझं कामच आहे. बोलणाऱ्यांचे श्वास कापायचे, थुंकी गिळल्याचे आवाज कापायचे, खुर्चीची करकर, शेजाऱ्याचं ड्रिल, सगळं चाळणीतून गाळून लोकांपुढे ठेवायचं. शिट्टी गाळताना मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडायचे, की बघा, आळशी मेला, स्वतः बनवलेल्या अडॅप्टरची शिट्टी काढायची सोडून माझ्या गळ्यात मारतो. इंगुना आहेच निस्तरायला! त्याला माहीत आहे असं मी धरूनच चालले होते. विल्निसला ऐकू येत नाही असा आवाज जगात असू शकतो, हे मनात यायलासुद्धा जागा नव्हती. पाण्याला ओल नाही असं कुणी म्हणेल का?

कारण हा माणूस कसा ऐकायचा ते मी बारा वर्षं एका छताखाली भोगलेलं आहे. झोपेतून उठून बसायचा. काय झालं, तर दोन मजले खाली कुणाच्या तरी दिव्याचा चोक गुणगुणतोय. आमचा फ्रिज एकदा आठवडाभर बंद होता, कारण तो "खोट्या सुरात" चालायचा, आणि आम्ही लोणी बाल्कनीत ठेवून खाल्लं. मी सफरचंद खाल्लं की तो दुसऱ्या खोलीत जायचा. मी खोटं बोलले तर त्याला शब्द ऐकावे लागत नसत, म्हणायचा, "आवाज पाव पट्टी वर गेला तुझा." सिगारेट सोडली म्हणून सांगितलं, पकडलं. त्याच्या आईचं सूप आवडलं म्हटलं, पकडलं. असल्या माणसाबरोबर राहणं म्हणजे आयुष्यभर काचेच्या घरात आंघोळ करणं. पण एकदा, पोटातलं मूल गेलं तेव्हा, तो ताल्लिनला होता आणि मी हॉस्पिटलातून फोनवर म्हटलं, सगळं ठीक आहे, थोडी तपासणी आहे, तू सावकाश ये. त्याने फोन ठेवला. संध्याकाळी दारात उभा, अंगावर बर्फ, हातात काहीच नाही, फुलंसुद्धा नाहीत. "काय ठीक आहे गं," म्हणाला आणि माझ्या पायाशी बसला. ते ऐकणंसुद्धा याच कानांचं होतं. मी ते विसरले नाही, त्याला सोडून आले तेव्हाही नाही.

आणि मी कोण? मी लाकडी कानांची. हा त्याचाच शब्द. आमच्या देशात गात नाही असं माणूस नाही. शाळेत प्रत्येक पोर कोरसमध्ये उभं राहतं. मीही उभी राहिले, दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या मोज्यांत, आणि बाईंनी येऊन कानात सांगितलं, "इंगुना बाळा, तू नुसते ओठ हलव." गाण्याच्या मोठ्या महोत्सवात हजारो लोक गात असताना मी ओठ हलवत होते आणि रडतही होते, लोकांना वाटलं, पोर किती भारावलीय. लग्नानंतर विल्निसला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला होता. त्या सकाळी, पाव हातात धरून, मला ते सगळं आठवलं आणि, खरं सांगते, मला आनंद झाला. छोटासा, घाणेरडा आनंद. मला ऐकू येतंय आणि तुला नाही. मग लगेच भीती वाटली. आनंद आणि भीती दोन्ही दिवसभर राहिली. संध्याकाळी मी शिट्टी गाळली आणि व्हिडिओ चढवला. आता तो म्हणाला, एक थेंब आवाज नाही, तर खरोखरच नव्हता. त्याचं म्हणणं मी खरं करून दिलं होतं. खाली लोकांनी लिहिलं, काय शांतता, काय कान!

लोक कानांसाठीच त्याच्याकडे येतात. दुसऱ्यांकडे दिवे असतात, गंमत असते, विल्निसकडे फक्त दोन हात, एक टेबल आणि कान. त्याने चांगलं म्हटलेलं मशीन महिनाभरात दुकानांतून संपतं, आणि त्याने नाक मुरडलं तर बनवणारे लोक घरी येऊन विचारतात, काय चुकलं. ध्वनीचा आलेख पडद्यावर काढून दाखवणाऱ्यांना तो हसतो. "सूप डोळ्यांनी चाखता का रे?" म्हणतो. आलेख एकदा जरी बघितला असता तर ती शिट्टी त्याला रेघ होऊन दिसली असती, पण बघायचं नाही हीच तर त्याची शान. त्यातून ते अडॅप्टर. मशीनबरोबर आलेलं अडॅप्टर खर्जात घुमतं असं त्याला वाटलं, दुसऱ्या कुणालाच वाटलं नाही, म्हणून त्याने स्वतः नवं जोडलं, डाग देऊन, जुन्या बिस्किटाच्या डब्यात बसवलं. घुमणं गेलं. शिट्टी आली. ती त्याच्या कानाच्या वरच्या अंगाने निघून गेली, कारण वरचं अंग, उंच बारीक सूर पकडणारं, वयाने आता उरलंच नव्हतं.

दुसरी माझ्याकडे येते ती अग्निया. ती वाद्यांच्या ॲपचे व्हिडिओ करते, टॅबवर, सोफ्यात मांडी घालून. दोघांची कामं माझ्याकडे आहेत हे दोघांना माहीत आहे, विल्निस म्हणतो, "तू म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारी." मग ठेवीन, पोट आहे मला. दिवसभर या कानात तो आणि त्या कानात ती, त्यामुळे दोघांना मी जितकं ओळखते तितकं त्यांच्या आयांनीही ओळखलं नसेल. तो वाक्याआधी श्वास घेतो, ती वाक्य संपल्यावर. तो मशीनकडे बघतो, ती तुमच्याकडे. तो किंमत शेवटी सांगतो, लाजत, दुसऱ्याच्या घरची भानगड सांगावी तशी. ती पहिल्याच वाक्यात सांगते आणि हसते. तो चुकला तर चूक तशीच ठेवायला लावतो; ती दहा वेळा करते आणि मला म्हणते, "इंगुना, यातलं मी खरी वाटेन ते ठेव." लोक या दोघांची तुलना करत भांडतात, मशीनची तार खरी की टॅबची काच खरी, म्हातारा खरा की पोरगी खरी. मला विचाराल तर माझ्यापाशी येतात तेव्हा दोघंही कच्चे असतात, आणि दोघंही घाबरलेले असतात. तो श्वास उगाच नसतो.

सांगायचं ठरवून मी त्याच्या नामदिवसाला, म्हणजे कॅलेंडरात त्याचं नाव छापलेलं असतं त्या तारखेला, गेले. नामदिवसाला आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला आठवण असेल तो येतो, आणि यजमानाने दार उघडं ठेवून ताट मांडून बसायचं. कोण आलं यावरून माणसाला आपली किंमत कळते. विल्निसने खारवलेले हेरिंग मासे मांडले होते, बटाट्याचं सॅलड, शेजारणीने दिलेला, वेढा घालून भाजलेला केशराचा गोड पाव. मी मुद्दाम लवकर गेले, एकटा सापडावा म्हणून. रेक्सिस, त्याचा कुत्रा, बोळातच बुटांच्या ढिगावर पडला होता. पूर्वी तो मशीनच्या टेबलाखाली विल्निसच्या पायावर हनुवटी टेकून असायचा. व्हिडिओंत त्याचं घोरणंही मला कापावं लागायचं. "हा इथे का?" मी विचारलं. "म्हातारा झालाय," विल्निस म्हणाला. "तिरसटपणा नुसता. खोलीत बोलावलं तर येत नाही, ओढून नेलं तर रडतो. होतं गं असं. वय झालं की आपलं कोण, परकं कोण, कळेनासं होतं." त्याने वाकून रेक्सिसच्या कानामागे खाजवलं आणि कुत्र्याने त्याचा हात चाटला. मला सगळं समजलं. मी आत पाहिलं. मशीन चालू होतं, दिवे लुकलुकत होते, आणि त्या खोलीत ती शिट्टी भरून राहिली होती, हेडफोनशिवायसुद्धा, दातांना लागत होती. विल्निस त्या आवाजात दिवसभर बसत होता, शांततेत बसावं तसा.

"विल्निस," मी म्हटलं.

"हं?"

तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. बायको नाही, पोर नाही, कुत्रा बाहेर. आत ते मशीन आणि हे दोन कान. मी ते कान काढून घ्यायचे आणि मग हेरिंग खायचं? "ते बंद कर ना," मी म्हटलं, "पाहुणे येतील." "घे केलं," म्हणून त्याने बंद केलं, आणि माझे खांदे आपोआप खाली आले. त्याने ते पाहिलं. "थकलीस का गं?" म्हणाला. मी म्हटलं हो. या वेळी आवाज पाव पट्टी वर गेला की नाही, कोण जाणे, त्याने काही म्हटलं नाही.

तेवढ्यात अग्नियाच आली, बोलावल्याशिवाय, बरोबर पाच ट्यूलिप घेऊन. विल्निसला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने तिला टोमणा मारला. "काचेवर बोटं घासणाऱ्यांना आमच्या घरी जेवण मिळत नाही, पोरी." "म्हणून तर खाऊन आलेय, उस्ताद," ती म्हणाली आणि सॅलड ताटात वाढून घेतलं. मग आणखी चारपाच जण आले, वोडका निघाली, आणि अग्नियाने सांगितलं की नदीपलीकडच्या जुन्या कारखान्यात, जिथे विल्निस विशीत ऑर्गनच्या पट्ट्या जोडायचा, तिथे जमणारी मंडळी दोघांना समोरासमोर बसवू म्हणताहेत. पडद्यामागे तिसऱ्याच कुणी एकच धून वाजवायची, एकदा मशीनवर, एकदा ॲपवर. कुठलं काय ते ओळखायचं, सगळ्यांसमोर, थेट. "मशीन तुमचंच आणा," ती म्हणाली, "मागाहून बोलायला जागा नको." "थेट?" मी विचारलं. "थेट," ती म्हणाली, "तुझी कात्री नाही, इंगुना. घाबरलीस?" सगळे हसले. विल्निसने पेला उचलला. "पोरी, माझं मशीन मी मेल्यावरसुद्धा ओळखीन."

त्यानंतर रोज मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. डॉक्टरकडे जा म्हणावं? कुठल्या तोंडाने? इतके दिवस का नाही बोललीस, म्हणेल. मला माहीत नव्हतं म्हणावं तर तो आवाज ऐकेल. आणि खरं काय होतं? मला त्याचं वाईट वाटत होतं, त्याच्यावर राग होता, आणि त्याच्याहून जास्त ऐकू येणं मला आवडतही होतं. या तिन्हींची इतकी गाठ बसली होती की एक ओढलं की बाकीची आवळत. शेवटी मी घरातला खण उपसला आणि मशीनबरोबर आलेलं मूळ अडॅप्टर शोधून काढलं. त्याने रागाने माझ्याकडे भिरकावलेलं ते मी जपून ठेवलं होतं. तेच पर्समध्ये टाकून गेले. काही न सांगता भागलं तर बघावं. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?

हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास होता. साठसत्तर माणसं, बहुतेक पोरं, हातात चहाचे कागदी पेले. मी पडद्यामागे गेले. विल्निस बिस्किटाच्या डब्यातून वायर सोडवत होता. "हे लाव," मी मूळ अडॅप्टर पुढे केलं. त्याने असं बघितलं की जणू मी मेलेला उंदीर आणलाय. "ते? घुमतं ते. तुला नाही कळायचं." "आजच्या दिवस लाव." "का?" "माझ्यासाठी." तो थांबला. कितीतरी वर्षांत मी त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि मी तोंड उघडलं, शब्द अगदी जिभेवर होते, विल्निस, तुझं मशीन शिट्टी मारतं, इतके शब्द. तेवढ्यात ध्वनी सांभाळणारा आला, चला चला, वेळ झाली. "जेवलास का?" मी विचारलं. "आता जेवण?" विल्निस हसला. "जा, बस पुढे. लाकडी कानांनासुद्धा आज फरक कळेल." मी ध्वनीवाल्याला बाजूला घेऊन म्हटलं, आवाजातले वरचे बारीक सूर जरा कापाल का. तो म्हणाला, "बाई, आंधळी परीक्षा आहे. जसं आहे तसं."

पहिली धून सुरू झाली आणि तिच्याबरोबर ती. मोठ्या स्पीकरांतून. समोरच्या रांगेतल्या एका मुलीने कानात बोट घातलं. कुणीतरी वळून मागे पाहिलं, कुणाचा चहा हिंदकळला, आणि हळूहळू सगळ्या हॉलच्या माना अंगात शिरल्या. कुणी बोललं नाही. आम्ही बोलत नाही. दुसरी धून आली, स्वच्छ, गुळगुळीत. मग पुन्हा पहिली, मग पुन्हा दुसरी. तिथे बसलेल्या प्रत्येकाला उत्तर कळलं होतं, ज्याने जन्मात वाद्य हातात घेतलं नाही त्यालासुद्धा. काचेला शिट्टी नसते. शिट्टी तारेला असते. अग्निया आपला बंद टॅब मांडीवर ठेवून बसली होती. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग विल्निसकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. मी देवाला मानत नाही, पण म्हटलं, देवा, याला आज चुकून तरी बरोबर बोलू दे.

"आधी उस्तादांनी सांगावं," कुणीतरी म्हणालं. विल्निस उठला. श्वास घेतला. मी तो श्वास हजारदा कापलेला आहे. त्या दिवशी तो जसाच्या तसा सगळ्यांनी ऐकला. "सोपं आहे," तो म्हणाला. "पहिलं वाजताना तुमचे चेहरे बघत होतो. लिंबू चोखल्यासारखे! ते ॲप. माणसाचं अंगच सांगतं, काहीतरी खोटं आहे. आणि दुसरं... दुसऱ्यात ती शांतता आहे, सुरामागची. ती माझ्या घरची शांतता आहे. मी तिच्यात राहतो. दुसरं माझं मशीन." आणि तो हसून अग्नियाकडे वळला. "बोल, पोरी."

कुणीतरी जोराने हसलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. अग्नियाने खाली पाहिलं. तिचं आख्खं नाव या एका दुपारी वर गेलं असतं. बाकी पोरांनी हे महिनाभर चघळलं असतं. ती म्हणाली, "मलाही तसंच वाटतं, उस्ताद. दुसरं. दुसरंच मशीन आहे."

विल्निसच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. मान थोडी तिरकी झाली. ती तिरकी मान मी ओळखते. सूप आवडलं म्हटलं होतं तेव्हाची, सगळं ठीक आहे म्हटलं होतं तेव्हाची असणार तीही. माणसाच्या गळ्यातला आवाज त्याच्यापासून अजून कुणी काढून घेतला नव्हता. "तू खोटं बोलतेयस," तो हळू म्हणाला. "का खोटं बोलतेयस?" तिचे डोळे भरून आले. त्याने हॉलकडे पाहिलं. लोक बुटांकडे बघत होते. मग त्याने मला शोधलं, आणि मी नजर खाली घातली नाही. तेवढं मात्र केलं मी.

तो पडद्याकडे गेला, पडदा बाजूला सारला, मशीनचा आवाज परत उघडला, हॉलभर पुन्हा शिट्टी भरली, आणि टेबलाशी बसलेली माणसं काही म्हणायच्या आत त्याने बिस्किटाच्या डब्याची वायर भिंतीतून उपसली. शिट्टी थांबली. आणि सगळ्या हॉलचे खांदे एकदम खाली आले. साठसत्तर माणसांचे खांदे. समोरच्या मुलीने कानातलं बोट काढलं. विल्निसला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण ते खांदे त्याने पाहिले, एकेक करून, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, आणि मग माझे.

तो डबा हातात घेऊन माझ्यापाशी आला. लोक वाट देत होते. जवळ येऊन थांबला, आणि मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर मी परत ओरडले असते, आम्हाला त्याची सवय आहे.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"रेक्सिस खोलीत येईनासा झाला तेव्हापासून," मी म्हटलं.

त्याने डब्याकडे पाहिलं. अंगठ्याने झाकणावरचा गंज थोडा खरवडला.

"आणि मी त्यालाच म्हातारा म्हणत होतो," तो म्हणाला.